गिम्पमध्ये मराठी शीर्षकाला सोन्याचं पाणी कसं चढवायचं

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बॅनर असो, लग्नाची पत्रिका असो की गणेश मंडळाची वर्गणीची पावती, वरचं शीर्षक साधं काळं कुणालाच नको असतं. सोनेरी पाहिजे, उठावदार पाहिजे, मागे सावली पाहिजे. डीटीपीवाल्याकडे गेलात तर तो ठरलेल्या चार-पाच नमुन्यांतला एक चिकटवून देतो. घरी स्वतः करायचं म्हटलं तर फुकटातलं सॉफ्टवेअर आहे आणि इंटरनेटवर धडेही ढीगभर आहेत. अडचण एवढीच की ते धडे रोमन अक्षरांवर बेतलेले असतात. पायरीन् पायरी तशीच केली, तरी 'स्नेहसंमेलन' लिहिल्यावर शिरोरेषेवर बारीक उभ्या चिरा दिसू लागतात, 'सं'वरचा अनुस्वार विरघळून जातो आणि एवढी मेहनत करून शब्द भिजल्यासारखा दिसतो.

यात सॉफ्टवेअरचा दोष फारसा नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळी कडा काढली तरी चालतं. देवनागरीत सगळी अक्षरं एका आडव्या रेषेला टांगलेली असतात आणि मात्रा, वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या हद्दीत खुशाल शिरतात. म्हणून आपल्याकडे इफेक्ट द्यायचा तो आख्ख्या शब्दाच्या एकसंध आकाराला, अक्षराला नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बहुतेक पायऱ्यांमागचं कारण आपोआप कळतं.

मी इथे गिम्प हे फुकटातलं, चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर धरून चाललो आहे. १९९५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला आणि १९९६ पासून तो लोकांच्या हाती आहे. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन लॅरी युइंगने गिम्पमध्येच काढला होता. मुक्त परवान्यामुळे गिम्प धंद्यासाठी वापरला तरी एक पैसा द्यावा लागत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. आपल्या कामाच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा फरक आहे, त्याकडे पुढे येऊ. तुमच्याकडे अजून २.१० असेल तरी इथलं बहुतेक सगळं जमतं.

आधी शब्द नीट उमटू द्या

टेक्स्ट टूल घेऊन शीर्षक टाइप करा, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षर मराठीच म्हणून कळतं अशा पद्धतीने. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट वापरले तर पडद्यावर मराठी दिसतं, मात्र संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट बदलला की शब्दाचा भुगा होतो, आणि पत्रिकेचं काम म्हणजे फॉन्ट दहा वेळा बदलणारच. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी व्यंजनाआधी नेऊन बसवणं, ही कामं गिम्प स्वतः करतो. त्यासाठी कुठली सेटिंग शोधत बसावं लागत नाही.

एक सेटिंग मात्र सहसा कुणी उघडून बघत नाही. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत अगदी खाली 'लँग्वेज' असा रकाना आहे. तिथे मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, पण भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय फॉन्ट ती बाहेर काढत नाही. 'स्नेहसंमेलन'मधला पाकळीचा 'ल' नुसता हा रकाना बदलल्यावर जागेवर येतो. फॉन्ट पारखायचा असेल तर 'दऱ्या' लिहून बघा. त्यातला अर्धा र नीट बसला नाही, तर त्या फॉन्टच्या नादी लागू नका.

त्याच पर्यायांत अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय आहे. तिला हात लावू नका. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस पसरली की रुबाबदार दिसतात, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. शब्द रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट निवडा.

फॉन्टची निवड इफेक्ट बघून करायची असते आणि इथेच निम्मं काम बनतं किंवा बिघडतं. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा 'बलू' जाड आणि गोलसर आहे, त्यामुळे उठाव त्याला छान चढतो. त्यांचाच 'मोदक' इतका लठ्ठ आहे की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या केसाएवढ्या उरतात. त्याला बाहेरून जाड कडा शोभते, पण कडेबरोबर आतल्या फटीही बुजणार हे धरून चालायचं. 'रोझा वन'मध्ये जाड आणि बारीक रेघांत फार तफावत आहे. छापील मथळ्याला तो देखणा दिसतो, पण त्याला उठाव दिला की जाड रेघा फुगतात आणि बारीक रेघा गायब होतात. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' साध्या सावलीसह जितका खुलतो तितका सोन्यात खुलत नाही, असं माझं मत. हे सगळे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात.

कडा

गिम्प ३.० मध्ये टेक्स्ट टूलमध्येच अक्षरांना कडा देण्याचा पर्याय आला आहे. रोमनसाठी उत्तम. देवनागरीत तिथेच गाडी अडते.

फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर ही एक स्वतंत्र बंद आकृती असते. 'स्ने'च्या डोक्यावर त्याची स्वतःची शिरोरेषा, 'ह'च्या डोक्यावर त्याची. दोन तुकडे शेजारी आले की मध्ये फट दिसू नये म्हणून फॉन्ट बनवणारे त्यांची टोकं एकमेकांवर किंचित चढवतात. शब्द नुसता काळा रंगवला तर हे कळतही नाही. पण कडा काढा म्हटलं की सॉफ्टवेअर प्रत्येक आकृतीच्या परिघावरून रेघ ओढतं आणि जिथे टोकं एकमेकांवर चढलेली असतात तिथे शिरोरेषेच्या पोटातून उभ्या रेघा जातात. सुरुवातीला सांगितलेल्या चिरा त्या ह्याच. बॅनर वीस फुटांवरून बघितला तरी त्या डोळ्यांत खुपतात.

उपाय सोपा आहे. गिम्पमधलं चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांचं बनतं, त्या थरांना लेयर म्हणतात. लेयरच्या यादीत शब्दाच्या लेयरवर उजवी क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' निवडा. आता गिम्प अक्षरांच्या आकृत्या बघत नाही, कुठे रंग आहे आणि कुठे नाही एवढंच बघतो. एकमेकांवर चढलेले भाग त्याच्या दृष्टीने एकच ठिपका असतात, त्यामुळे निवड आख्ख्या शब्दाच्या बाहेरच्या काठाने होते. दारात रांगोळीचा छापा ठेवला की रंग फक्त भोकांतूनच खाली पडतो, तसंच हे: निवड केली की पुढचं सगळं काम त्या आकाराच्या आतच होतं.

मग 'सिलेक्ट' मेनूतून 'ग्रो' घ्या आणि निवड चारही बाजूंनी फुगवा. शिरोरेषेची जाडी ४० पिक्सेल असेल तर १० ते १२ पिक्सेल पुरे. शब्दाच्या खाली नवा लेयर घेऊन त्यात गडद रंग भरा. वर सोनं, खाली गडद तपकिरी कडा, मध्ये एकही चीर नाही. दुहेरी कडा हवी असेल तर आणखी थोडं 'ग्रो' करून त्याच्याही खाली एक लेयर.

हेच काम इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांसाठी: 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग 'अनग्रुप', मग सगळं निवडून 'युनियन'. कडा त्यानंतरच द्यायची.

उठाव, आणि मग सोनं

सोनं म्हणजे पिवळा रंग, इथून सुरुवात केली की सगळं फसतं. वेबवर 'गोल्ड' म्हणून जो रंग ठरलेला आहे तो लाल २५५, हिरवा २१५, निळा ०. तो शब्दात भरून बघा. हळद दिसेल, सोनं दिसणार नाही. घासूनपुसून लख्ख केलेला पितळी तांब्या खिडकीपाशी ठेवा आणि नीट निरखा. त्यावर पिवळा भाग कमीच असतो. एक जवळजवळ पांढरी तिरीप, तिला लागून काळपट तपकिरी पट्टा, मग पिवळा, पुन्हा गडद. धातूला स्वतःचा रंग थोडका, तो भोवतालचा उजेड आणि अंधार परत फेकतो. गुळगुळीत वळणावर उजेडाशेजारीच अंधार येतो आणि त्या अचानक बदलामुळे डोळा म्हणतो, हा धातू आहे. म्हणजे आपल्याला तीन गोष्टी लागतात: पृष्ठभागाला वळण, त्या वळणावर पडणारा उजेड, आणि त्या उजेडाचे तुटक पट्टे. शेवटी रंग.

सुरुवातीलाच 'इमेज' मेनूतल्या 'प्रिसिजन'मध्ये जाऊन चित्र १६ बिटचं करून घ्या. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. आपण पुढे त्या छटा जोरात ताणणार आहोत, तेव्हा त्यांच्यात पायऱ्या पडतात आणि सोन्यावर जिन्यासारखे पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये छटा ६५ हजारांवर जातात.

आता वळण. काळ्या लेयरवर पांढऱ्या रंगात शब्द भरा, शब्दाची निवड आधीचीच वापरा. मग निवड काढून टाका आणि 'गॉशियन ब्लर' द्या. पांढऱ्याचा काठ पसरतो: मध्ये पांढरा, काठाकडे राखाडी, बाहेर काळा. पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे सखल असं मानलं, तर हा शब्दाच्या आकाराचा डोंगर झाला. काठापाशी उतार, मध्ये माथा.

ब्लर किती द्यायचा, याचं उत्तर धडे देणारे 'आवडेल तेवढा' असं देतात. देवनागरीत ते महागात पडतं. गिम्पमध्ये जो आकडा तुम्ही देता, त्याच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंत ब्लरचा परिणाम जाणवतो. शिरोरेषा ४२ पिक्सेल जाड असेल तर एका काठापासून तिच्या मध्यापर्यंत २१ पिक्सेल. आकडा ७ दिला तर दोन्ही काठांचे उतार बरोबर मध्यावर येऊन भिडतात आणि माथा पांढराच राहतो. म्हणजे हिशेब असा: जाडीचा सहावा भाग. त्याच्या वर गेलात की दोन्ही उतार एकमेकांत घुसून माथाच खचू लागतो.

आणि खचतो तो आधी अनुस्वाराचा. शिरोरेषेला फक्त वरून आणि खालून झीज लागते, अनुस्वाराच्या टिंबाला चहूबाजूंनी. जाडी सारखी असली तरी टिंब लवकर राखाडी होतं आणि पुढच्या पायरीला ते उजळायचं सोडून मळकट दिसतं. चंद्रबिंदू, उकाराचं बारीक टोक, 'क्ष'ची शेपटी यांचंही तेच. म्हणून मोजायची ती शिरोरेषेची जाडी नव्हे, शब्दातला सगळ्यांत नाजूक भाग. 'स्नेहसंमेलन'मध्ये तो अनुस्वार आहे, तेव्हा ७ ऐवजी ५ बरा.

उजेड टाकायला 'फिल्टर्स' मेनूत 'मॅप'खाली 'बंप मॅप' आहे. मध्यम राखाडी रंगाचा एक नवा सपाट लेयर घ्या, त्यावर हा फिल्टर लावा आणि उंचीचा नकाशा म्हणून तो ब्लर केलेला लेयर दाखवा. कुठला उतार प्रकाशाकडे तोंड करून आहे आणि कुठला पाठ फिरवून, याचा हिशेब करून फिल्टर सपाट राखाडीवर उजळ आणि गडद बाजू उमटवतो. प्रकाश वरून, डावीकडून येतोय असं दिसेपर्यंत दिशेचा आकडा फिरवा. उजेड वरूनच येतो असं डोळ्याने गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे प्रकाश खालून दिला तर तीच अक्षरं फुगीर दिसायची सोडून कोरलेली दिसतात. दगडी शिलालेखाचा भास हवा असेल तर हीच युक्ती मुद्दाम वापरा. खोलीचा आकडा मात्र हळूहळू वाढवत न्या.

आत्तापर्यंत हाती आलंय ते राखाडी मातीचं अक्षर. त्याचा धातू करतात 'कर्व्हज'. 'कलर्स' मेनूतून कर्व्हज उघडा आणि सरळ तिरक्या रेघेची लाट करा: डावीकडून पाव अंतरावर वर, मध्यावर खाली, पाऊण अंतरावर पुन्हा वर. आधी गडदपासून उजळपर्यंत छटा एकाच दिशेने चढत होती. आता ती चढते, उतरते, पुन्हा चढते, म्हणजे उजेडाशेजारी अंधार येतो. तांब्यावर पाहिलेले पट्टे हेच. या लाटेचे बिंदू हाताने हलवत बसण्यात सगळी मजा आहे. रेघ किंचित इकडेतिकडे केली की क्रोमचं चकचकीत स्टील, जुनी चांदी, ओलं प्लास्टिक असं काहीबाही दिसत जातं. मी तर कर्व्ह उघडला की अर्धा तास गेलाच समजतो.

रंग शेवटी, आणि तो पाच मिनिटांचा आहे. चार थांब्यांची एक ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू सरकणारी पट्टी, तयार करा: गडद तपकिरी (७०, ४०, ५), मातकट सोनेरी (१७०, ११५, २५), उजळ पिवळा (२४०, २००, ९०) आणि साय (२५५, २४५, २०५). 'कलर्स' मेनूतल्या 'मॅप'खाली 'ग्रेडियंट मॅप' दिलात की राखाडीच्या प्रत्येक छटेच्या जागी या ग्रेडियंटमधला रंग येतो. पुन्हा शब्दाची 'अल्फा टू सिलेक्शन' करून ती निवड या सोनेरी लेयरला 'लेयर मास्क' म्हणून लावा, म्हणजे बाहेरचं सगळं झाकलं जातं. पितळ हवं तर मधल्या थांब्यात थोडा हिरवा वाढवा. तांबं हवं तर लाल ठेवून हिरवा कमी करा.

सावली आणि निऑन

सावलीत शिकण्यासारखं थोडंच आहे. 'लाइट अँड शॅडो'मधला 'ड्रॉप शॅडो' वापरा आणि उजेड डावीकडून वरून दिला असेल तर सावली उजवीकडे खालीच पडू द्या. उठाव एका दिशेने आणि सावली दुसऱ्या दिशेने, असे बॅनर आपल्याकडे चौकाचौकांत दिसतात. सावली शुद्ध काळी ठेवण्यापेक्षा पार्श्वभूमीच्याच रंगाची गडद छटा घेतली तर ती चिकटवलेली वाटत नाही.

निऑनसाठी शब्दाच्या तीन-चार प्रती करा, प्रत्येकीला आधीपेक्षा दुप्पट ब्लर द्या आणि लेयरचा मोड 'स्क्रीन' ठेवा, म्हणजे उजेडात उजेड मिसळतो. सगळ्यांत वरची, ब्लर न केलेली प्रत पांढरट हवी. खऱ्या नळीचा गाभाही डोळ्याला पांढराच दिसतो, रंग दिसतो तो भोवतीच्या झाकेत. बारीक, एकसारख्या जाडीच्या फॉन्टला हे शोभतं. 'मोदक'ची निऑन पाटी म्हणजे ट्यूबलाइटचं दुकान.

आता ३.० चा तो फरक. पूर्वी टेक्स्ट लेयरवर फिल्टर लावला की शब्द चित्रात गोठून जायचा, अक्षरं पुन्हा बदलता यायची नाहीत. आता फिल्टर लेयरला लटकून राहतो, लेयरशेजारच्या 'एफएक्स' चिन्हावर क्लिक करून त्याचे आकडे केव्हाही बदलता येतात, आणि मुख्य म्हणजे शब्दही बदलता येतो. सावली, ब्लर, कर्व्हज सगळं जागच्या जागी ठेवून 'स्नेहसंमेलन' पुसून 'पारितोषिक वितरण' लिहिलं तरी चालतं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मुख्याध्यापकांचा फोन येतोच. कडा, झाक, उठाव आणि सावली एका खिडकीत देणारा 'स्टाइल्स' नावाचा फिल्टरही ३.० मध्ये आहे. मेनूत शोधत बसू नका, तिरकी रेघ असलेली कळ दाबली की शोधायची चौकट उघडते. मात्र उठावासाठी काळ्या लेयरवर भरलेला पांढरा शब्द, मास्क आणि 'ग्रो' करून काढलेली कडा शब्दाबरोबर आपोआप बदलत नाहीत, ही कामं पुन्हा करावी लागतात.

फाइल बाहेर काढताना

मूळ काम गिम्पच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जपून ठेवा, लेयर त्यातच शाबूत राहतात. दुसऱ्या चित्रावर चढवायला पीएनजी, कारण त्यात मागची पारदर्शकता टिकते. जेपीजीमध्ये ती जाते आणि वर अक्षरांच्या काठाभोवती धुरकट कण उमटतात.

छपाईचं गणित निराळं आहे. ए४ कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं हवं. फ्लेक्स लांबून बघितला जातो, तिथे इतक्या दाट पिक्सेलांची गरज नसते, प्रिंटिंगवाल्यालाच आकडा विचारा. पडद्यावर झळाळणारं सोनं चार शाईंच्या छपाईत हमखास मंदावतं, कारण पडदा स्वतः उजेड देतो आणि कागद तो फक्त परतवतो. सायीचा थांबा जवळजवळ पांढरा केला आणि तपकिरी थांबा आणखी गडद केला तर तफावत वाढते आणि थोडी झळाळी परत मिळते. प्रेसला पाठवण्याआधी चित्र अंगठ्याएवढं लहान करून बघा. त्या आकारात शब्द वाचता आला नाही तर कडा जास्त झाली आहे किंवा सावली.

आणि पत्रिकेवर खरोखरची सोनेरी फॉइल ठोकून घेणार असाल तर वरच्या सगळ्या खटाटोपाचा काहीच उपयोग नाही. फॉइलच्या ठशासाठी प्रेसला लागतो सपाट काळा शब्द, ना ग्रेडियंट, ना ब्लर, ना सावली. तो इंकस्केपमध्ये 'युनियन' करून पीडीएफमध्ये द्या, नाहीतर शिरोरेषेवरच्या त्याच चिरा ठशातही उतरू शकतात.